गाण्याच्या एक फेरा आधी

एप्रिलमध्ये विमानतळाजवळच्या त्या हॉटेलात ध्वनियंत्रांचं प्रदर्शन भरलं, की व्हर्लिन हेडस्ट्रम काखेत एकच रेकॉर्ड घेऊन हजर. खोल्यांतले पलंग हलवून तिथं माणसाच्या उंचीचे स्पीकर आणि रेकॉर्ड वाजवायची, घराच्या किमतीची टर्नटेबलं मांडलेली असायची. लोक आपापली लाडकी रेकॉर्ड घेऊन या खोलीतून त्या खोलीत हिंडायचे आणि कुठलं यंत्र सरस यावर घसा बसेपर्यंत भांडायचे. व्हर्लिनची तऱ्हा निराळी. तो दुसऱ्या बाजूच्या दुसऱ्या गाण्याआधीची कोरी जागा तेवढी लावायला सांगायचा. गाणं सुरू व्हायच्या आत सुई उचला म्हणायचा आणि पुढच्या खोलीकडे निघायचा.

"आले बघा," प्रदर्शनवाले एकमेकांना म्हणायचे, "एवढी महागडी यंत्रं आणायची, आणि यांना त्यावर काहीच ऐकायचं नसतं!"

हसायचे, पण लावायचे. कारण सगळ्यांना माहीत होतं.

व्हर्लिन रॉकफर्डचा. सगळी उमर हार्डवेअरच्या दुकानात रंग कालवण्यात गेली. संध्याकाळी तळघरात उतरायचा आणि स्पीकर इंचभर इकडे, इंचभर तिकडे सरकवत बसायचा. बायको आर्डिस जिन्यावरून ओरडायची, "तुझ्या त्या खोक्यांना विचार, जेवायला वर येताहेत की खालीच वाढू?" आर्डिस चर्चच्या गायकवृंदात होती. चर्चला उबेसाठी नवा बॉयलर घ्यायचा होता म्हणून तरुणपणी त्यांनी एक रेकॉर्ड काढली. खपली म्हणाल तर नातेवाइकांतच. त्यातल्या एका गाण्याची सुरुवात आर्डिसनं एकटीनं केली होती, बाकीचे मागून येतात.

मग एका एप्रिलात व्हर्लिन याच हॉटेलात, पडदे ओढलेल्या खोलीत, कुणा परक्या बाईचं गाणं डोळे मिटून ऐकत होता. रिवाजाप्रमाणे फोन बंद. तिकडे आर्डिस स्वयंपाकघरात कोसळली. शेजारीण फोन करकरून थकली. त्यानं फोन चालू केला तोवर सगळं संपलेलं. शेवटी ती काही म्हणाली का, हाक मारली का, सांगायला कोणीच नव्हतं.

मातीहून आल्यावर त्यानं ती रेकॉर्ड लावली. आणि तिचं गाणं सुरू व्हायच्या आधी, कोऱ्या जागेत, आर्डिस बोलली. अगदी बारीक, भिंतीपलीकडून बोलावं तशी. शब्द लागेनात. त्यानं घाबरून सुई उचलली. तेव्हापासून ते गाणं त्यानं ऐकलं नव्हतं. ते ऐकायची छातीच नव्हती. पण ती कोरी जागा त्याला सोडीना. आर्डिसला काहीतरी सांगायचंय, चांगलं यंत्र मिळालं की कळेल, हे त्याच्या डोक्यात पक्कं बसलं.

यंदा त्याचा जुना दोस्त गॉर्डी प्रूइट यानं आपल्या खोलीतल्या स्पीकरांना टर्नटेबल जोडलं होतं ते माँट्रियलच्या तेरेझ बुलाँजेनं घडवलेलं. तीही तिथं यंत्राशी उभी होती, पण व्हर्लिनचं हे वेड तिच्या कानावर आलेलं नव्हतं. शनिवारी दुपारी गर्दी पांगल्यावर गॉर्डीनं त्याला मधल्या खुर्चीत बसवलं. सुई टेकली. आणि आर्डिस बोलली. इतकी जवळ आजवर कधी आली नव्हती.

"ऐकलंत?" व्हर्लिन अर्धवट उठत तेरेझला म्हणाला. "काय म्हणाली? तुमचे कान तरुण आहेत."

तेरेझनं सुई उचलली. "कोण काय म्हणालं? अहो, रेकॉर्ड कोरतानाच पुढच्या खाचेचा दाब अलीकडच्या खाचेला लागलाय. पुढचं गाणंच एक फेरा आधी झिरपतंय. जुन्या रेकॉर्डींत असतंच की."

"तेरेझ, गप्प बस," गॉर्डी म्हणाला.

"का? खोटं आहे का?"

खोटं नव्हतं. हा नाद असलेल्या कुणालाही ते ठाऊक असतं. व्हर्लिनलाही होतं. दुसऱ्या कुणाच्या रेकॉर्डवर ऐकलं असतं तर त्यानंच कॉफी निवेपर्यंत समजावून सांगितलं असतं. आपल्या रेकॉर्डपुरतं तेवढं ज्ञान त्यानं उंबऱ्याबाहेर ठेवलं होतं, आणि इतक्या वर्षांत एकाही शहाण्यानं ते आत आणलं नव्हतं. चांगुलपणाच तो, पण त्या चांगुलपणानं म्हातारा झुरत राहिला.

"तुला माहीत होतं," तो गॉर्डीला म्हणाला.

"अरे, काय सांगणार होतो मी तुला?" गॉर्डी कपाळ चोळत म्हणाला. "चल, खाली जाऊन काहीतरी खाऊ."

"थांब." व्हर्लिन पुन्हा खुर्चीत टेकला आणि तेरेझकडे वळला. "सुई खाली ठेवा, बाई. यावेळी उचलू नका."

कोरी जागा आली. पुटपुट आली. आणि बरोब्बर एका फेऱ्यानं तेच सूर, तेच शब्द, पुऱ्या गळ्यानं आले.

दोन स्पीकरांच्या मधोमध, जरा डावीकडे, आर्डिस उभी होती. खोलीत कोणी नव्हतं हे व्हर्लिनला दिसत होतं, तरी ती होती. तिच्या उंचीवर तिचं तोंड होतं. ओळ संपताना ती नाकानं श्वास घ्यायची, तसाच तिनं घेतला. ती अशी समोर येईल या भीतीनंच तर तो आजवर सुई उचलत आला होता. आणि आता भीती होती तिथंच राहिली, पण पाय ऐकेनात. तो उठला आणि हात पुढे करून तिच्याकडे चालू लागला.

दोन पावलांत ती फिसकटली. आवाज डावीकडे पळाला, मग उजवीकडे. स्पीकरांच्या मध्ये पोचला तेव्हा एका कानाशी एक खोकं गात होतं, दुसऱ्या कानाशी दुसरं. मध्ये नुसता गालिचा. ही जादू त्या एका खुर्चीपुरतीच असते, हे तळघरात जन्म घालवलेल्या माणसाला कुणी सांगायला नको होतं. तो धडपडत मागे वळला.

खुर्चीत कोणीतरी बसलं होतं. प्रदर्शनात मधली खुर्ची रिकामी दिसली की कोणी विचारत बसत नाही. गळ्यात बिल्ला, मांडीवर माहितीपत्रकांची पिशवी, असा एक जाडा गृहस्थ दारातून सरळ आत येऊन टेकला होता आणि डोळे मिटून आर्डिसचं गाणं ऐकत होता.

गॉर्डी त्याला उठवायला पुढे झाला. व्हर्लिननं त्याचा दंड धरला.

"बापरे," तो गृहस्थ डोळे न उघडताच म्हणाला, "कोण आहे हो ही? समोर उभीच आहे की!"

"कुठं?" व्हर्लिननं विचारलं. "कुठं उभी आहे?"

त्यानं बोट दाखवलं. "ही काय. इथं."

व्हर्लिन भिंतीला पाठ लावून, गाणं संपेपर्यंत, तो दाखवत होता तिकडे बघत राहिला.