शेवट आधीच कळलेल्या कादंबऱ्या

“सेक्रेटरीच खुनी निघाली बघा, वहिनी. मी म्हटलंच होतं. एकटी राहते, रात्री दहाला घरी येते, मग दुसरं कोण असणार!”

तळमजल्यावरच्या काकू जिन्यात उभ्या राहून माझ्या आईला सांगत होत्या. मी दाराच्या आत केस विंचरत होते. कंगवा हातात तसाच राहिला. ती नवी रहस्यकादंबरी अजून तिसऱ्या मजल्यावरच्या मालवणी मावशींकडे जायची होती, मग आईकडे आणि सगळ्यात शेवटी माझ्याकडे. शेवट मात्र मला आजच मिळाला.

नेहमी असंच व्हायचं. मुलुंडच्या आमच्या बिल्डिंगमध्ये तेव्हा, म्हणजे ऐंशीनंतरच्या त्या वर्षांत, सर्क्युलेटिंग लायब्ररीची वर्गणी एकच होती, काकूंच्या नावावर, आणि पुस्तक तीन घरं फिरायचं. माझा नंबर शेवटचा, कारण मी इंग्लिश मीडियमची. “तिला कुठे एवढं मराठी झेपतंय? तिला मागनं दिलं तरी चालेल,” असं काकूंनी ठरवून टाकलं होतं. मी कॉलेजला जायला लागले तरी तो नियम बदलला नाही. मीही कधी काही बोलले नाही. माझ्या मराठीला लोक हसतात हे मला शाळेपासून माहीत होतं. गप्प बसणाऱ्या मुलीसमोर लोक वाट्टेल ते बोलतात हेही.

पण खुनी कोण ते कळल्यावर रहस्यकादंबरीत वाचायचं काय? मी लेखकावर लक्ष ठेवायला शिकले. खुनी माणूस पानावर आला की मी सावध व्हायचे. आता हा लेखक कुठेतरी खूण ठेवणार. दोरीवरचा ओला टॉवेल, चुकीच्या खिशात गेलेली किल्ली, असलं काहीतरी. चांगला लेखक खूण समोर ठेवूनही ती दिसू द्यायचा नाही. असा एखादा भेटला की शेवट माहीत असूनही मजा यायची. पण त्या वर्षी आलेल्या बहुतेक नव्या कादंबऱ्यांत खुणाच नसायच्या. पुतण्या, ड्रायव्हर, सावत्र भाऊ यांच्यावर पानंच्या पानं संशय घ्यायचा आणि अगदी शेवटी इन्स्पेक्टरनं सगळ्यांना दिवाणखान्यात बसवून एका बाईकडे बोट दाखवायचं. बाई नोकरी करणारी, लिपस्टिक लावणारी, इंग्रजी बोलणारी. तिनंच खून का केला? तर ती तसलीच होती म्हणून.

कौटुंबिक कादंबऱ्यांची तर मला चीडच होती. सून पहिल्या पानापासून रडते, सासू छळते, मग सासूला अर्धांगवायू होतो आणि सून तिची सेवा करते. आई डोळे पुसत पुस्तक मिटायची. त्या सुनेला स्वतःला काय हवं होतं हे घरातल्यांनी विचारलेलं नसायचंच, पण लेखकालासुद्धा ते विचारावंसं वाटू नये?

सेक्रेटरीची कादंबरी एकदाची माझ्या हातात आली. वांद्र्याचा बंगला, व्यापाऱ्याचा खून. मी ती वाचली आणि मग सेक्रेटरी जिथे जिथे येते तेवढी पानं काढून पुन्हा वाचली. ती टाइप करते. चहा नको म्हणते. उशिरा घरी जाते. बस्स. लेखकानं काही लपवलेलंच नव्हतं, कारण त्याच्याकडे लपवायला काही नव्हतं. शुद्ध फसवणूक! पैसे परत मागावेत इतका राग आला.

दुसऱ्या मजल्यावर एक आजी एकट्या राहत. त्यांच्याकडे एक टेलिफोन ऑपरेटर पेइंग गेस्ट होती. चिपळूणची, तिशीतली. दुपारची पाळी असली की तिला घरी यायला रात्रीचे दहा वाजायचे. आजींच्या मोतीबिंदूचं ऑपरेशन झाल्यापासून त्यांच्या डोळ्यांत थेंब तीच घालायची. आमच्या पुस्तकांच्या फेरीत मात्र तिला कुणी घेतलं नव्हतं. एकदा जिन्यात तिनं माझ्या हातातली तीच कादंबरी बघितली आणि म्हणाली, “एका दिवसासाठी देतेस? कुणाला कळणार नाही.” मी दिली. दुसऱ्या दिवशी परत करताना ती हसत होती.

“सेक्रेटरी ना? मी तर ती आली तेव्हाच ओळखलं.”

“कसं?” मी विचारलं. माझ्या नजरेतून खूण सुटली की काय!

“एकटी राहते असं लिहिलंय की गं. मग सुटतेय कशी ती!”

मला हसता आलं नाही. कारण काकूंनी तोवर तिलाच ‘सेक्रेटरी’ म्हणायला सुरुवात केली होती. आधी थट्टेनं. “आली बघा आपली सेक्रेटरी.” त्यावर मावशी म्हणायच्या, “हळू बोल गो, खून करीत तुझो!” आणि दोघी पोट धरून हसायच्या. हळूहळू हसणं कमी झालं आणि बोलणं वाढलं. तिला कुणीतरी स्कूटरवरून गेटपाशी सोडलं होतं म्हणे. ती रविवारी साडी न नेसता बाहेर गेली म्हणे. “आपल्याही मुली आहेत बिल्डिंगमध्ये,” असं म्हणून काकूंनी माझ्याकडे बघितलं. माझं कारण सांगून तिला बाहेर काढायचं चाललं होतं आणि मला कुणी विचारलेलं नव्हतं.

एका शनिवारी दुपारी, ती ड्यूटीला गेल्यावर, काकू, मावशी आणि आई आजींकडे गेल्या. मलाही नेलं, बहुतेक ‘आपल्याही मुली’मधली मुलगी म्हणून दाखवायला. आजी काळा चष्मा लावून पलंगावर बसल्या होत्या.

“आजी, तिला आता दुसरी जागा बघायला सांगा,” काकू म्हणाल्या.

“का गं? काय केलं तिनं?”

“केलं असं नाही हो. पण एकटी बाई, येण्याजाण्याला काही वेळकाळ नाही.”

“माणसाचा काय सांगूचा, आजी,” मावशी म्हणाल्या. “आमी वाचतो मां पुस्तकात, काय काय होता ता.”

मी तर उडालेच. त्या पुस्तकात काही नव्हतं. मी प्रत्येक पान तपासलं होतं. आणि त्या भिकार कादंबरीतल्या इन्स्पेक्टरनं निदान सेक्रेटरीला खोलीत बोलावून समोर तरी बसवलं होतं.

“मग माझे थेंब?” आजींनी विचारलं.

“मी आहे ना! मी येत जाईन घालायला,” काकू लगेच म्हणाल्या.

आजींचा आवाज खाली आला. “मी एकटी म्हातारी. सगळ्या बिल्डिंगशी वाकडं घेऊन कशी राहणार? सगळ्यांचंच असं म्हणणं आहे का?”

काकूंनी आमच्या सगळ्यांच्या वतीनं मान हलवली. आई पदराचं टोक बोटाला गुंडाळत राहिली. आजींना कुणाचीच मान नीट दिसत नव्हती, त्या कान देऊन उत्तराची वाट बघत होत्या. मी वाक्य मनात आधी मराठीत जुळवलं, मग एकदा तपासलं.

“माझं नाही, आजी,” मी म्हणाले. “तिनं काय केलं, असं तुम्ही मघाशी विचारलंत. त्याचं उत्तर अजून कुणी दिलेलं नाही.”