अठ्ठावीस लाखांखालचं लिंबू

चाकाखाली लिंबू ठेवू नका, हे मी आदल्या दिवशीच सांगितलं होतं. कोणाला पटलं नाही. चौथी शिकलेल्या फुलवालीला गाडीतलं काय कळतं? पण मोटरसायकलच्या शोरूमच्या पायरीशी सहा वर्षं हार विणत बसलं की कळतं. माणसं टोपलीपाशी उभी राहून बोलतात, आणि फुलवालीला कान असतात हे विसरतात. असे किस्से मग निर्माल्यासारखे साठत जातात. टाकायचे कुठं?

हल्ली मी द्वारका चौकाच्या पलीकडं बसते. तेव्हा शोरूमशीच होते. नवी गाडी निघाली की हार, नारळ, लिंबू माझं. ती जागा मला दिली प्रशांतनं. तो तिथला सेल्समन, घरात कमावणारा एकटाच.

*

एकदा आत एक पोस्टर लागलं. रेसमध्ये पळते तीच गाडी, नुसते दिवे आणि नंबरप्लेट लावून रस्त्यावर सोडलेली. किंमत लिहिली नव्हती. खाली एवढंच, "लवकरच".

हरसूलहून पोरं जीप करून आली. पोस्टरसोबत फोटो काढले, वडापाव खाल्ले, गेली. वर्षभर किंमत विचारील त्याला प्रशांत तेच सांगायचा, "लवकरच."

शेवटी मी म्हटलं, "स्थळ दाखवतोस का रे? फोटो आधी, देण्याघेण्याचं मागाहून."

*

मग किंमत आली. अठ्ठावीस लाख.

त्या दिवशी सुरगाण्याकडचे एक काका त्यांची जुनी गाडी सर्व्हिसिंगला घेऊन आले होते. त्यांनी प्रशांतला धरलं.

"मागं किती जण बसत्यात?"

"कोणीच नाही काका. एकच सीट आहे."

"सामान?"

"ठेवत नाहीत."

"ॲव्हरेज?"

"लिटरला बारा-तेरा."

काकांनी टोपी काढून डोकं खाजवलं. "म्हंजे बायको नाय, सामान नाय, पेट्रोल पुरायचं नाय. मग अठ्ठावीस लाखांत देता काय?"

प्रशांत छाती काढून म्हणाला, "तीनशेचा स्पीड."

काकांनी बाहेर बघितलं. चौकात गाड्या एकमेकींना चिकटून उभ्या होत्या. "हितं?"

*

घेतली ती गणेशनं. त्यांचा भाजीपाल्याचा मोठा मळा, आता ट्रकही चालतात. पैसा होता, आईला सांगायची हिंमत नव्हती. त्यानं घरी सांगितलं, गाडी तीन लाखांची. तेवढ्यावरच त्याची आई, आम्ही तिला अक्का म्हणतो, आठवडाभर त्याच्याशी बोलली नाही.

मग एक दिवस ती शोरूमवर आली आणि मलाच विचारलं, "बाई, तीन लाख जास्त नाय झाले?"

"तीन लाख जास्तच हायेत, अक्का," मी म्हटलं. खोटं काही बोलले नाही.

*

गाडी अजून बोटीत होती, तरी गणेश रोज यायचा. बोट कुठवर आली ते मोबाइलवर दाखवायचा. जणू पोटुशी बहीण माहेरी यायची होती.

शोरूमच्या शेठनं प्रशांतला माझ्यादेखत सांगितलं, "ही गाडी नीट गेली पाहिजे. काही झालं तर तिच्यामागं तू पण जा."

त्या आठवड्यात प्रशांतचा डबा तसाच परत जायचा.

*

गाडी आली. मेकॅनिक म्हणाला, "नव्या टायरवर गुळगुळीत थर असतो. पहिले शंभर किलोमीटर जपून. ओल्यावर तर नकोच."

मी प्रशांतला म्हटलं, "मग उद्या लिंबू नको. रस फरशीवर पसरतो."

"मावशी, तुम्ही आता मेकॅनिक झालात? लिंबाशिवाय गाडी कोण बाहेर काढतं? तुम्ही हार आणा."

मी हार आणला. लिंबू मुद्दाम आणलं नाही.

*

दुसऱ्या दिवशी सगळं घर आलं. हार घातला, कुंकू लावलं, नारळ फोडला. लिंबू नाही म्हटल्यावर अक्कानं पदराची गाठ सोडली. घरच्या झाडाची दोन लिंबं. वाकून तिनं स्वतःच्या हातानं दोन्ही चाकांखाली सारली.

"अक्का, घसरंल," मी म्हटलं.

"लिंबानं कधी कोन पडलं हाय का, बाई?"

गणेशनं गाडी सोडली. मागचं चाक बाजूला गेलं आणि अठ्ठावीस लाख फरशीवर आडवे झाले. गणेशला खरचटलंही नाही. एका अंगाचं प्लॅस्टिक तेवढं फुटलं.

आवाज ऐकून शेठ केबिनमधून बाहेर आला. त्यानं बघितलं आणि प्लॅस्टिकची किंमत तिथंच सांगितली. अडीच लाख.

अक्का म्हणाली, "तीन लाखांच्या गाडीचं प्लॅस्टिक अडीच लाखांचं? मग इंजिन फुकट देता का?"

कोणी हसलं नाही. गणेश बुटांकडं बघत होता.

शेठनं कागद घेतला. चूक कोणाची, ते कंपनीला लिहून द्यायचं होतं. "लिंबू कोणी ठेवलं?"

अक्काचं नाव घेतलं तर गिऱ्हाईक जाणार. नाही घेतलं तर प्रशांत जाणार. अक्का पदराची सुटलेली गाठ चाचपत होती.

"बोला ना. कोणी?"

मी टोपली उचलून कमरेवर घेतली.

"इथं लिंबं कोण विकतं?" मी म्हटलं. "लिहा. सुमन बाळू जाधव."