हिरव्या स्कार्फची गाठ

वरच्या मजल्यावरच्या मुक्ताने स्काऊटच्या जुन्या वस्तू जमवल्या आणि मी तिचे किस्से जमवले. तिला वस्तूंसाठी अख्खं जयपूर पालथं घालावं लागलं. मला किश्शांसाठी फक्त गॅलरीत कपडे वाळत घालावे लागले. कधीकधी वाळलेलेच पुन्हा वाळत घातले, एवढंच!

मुक्ता सोळा वर्षांची. वडील सुभेदार, इथल्या छावणीत पोस्टिंग, म्हणून आमच्या शास्त्री नगरात भाड्याने राहायला आलेले. मराठी बोलते, पण दर तिसऱ्या शब्दाला ‘मतलब’ घालून. शाळेत गाईड झाली, स्काऊटचा इतिहास वाचायला लागली आणि एक दिवस आली माझ्या दारात.

“काकू, तुमच्याकडे मतलब... खूप पुराना काही आहे?”

“आमचे हे आहेत,” म्हटलं. “घेऊन जा!”

*

गंमत म्हणजे हे खरंच कामाचे निघाले. कऱ्हाडच्या शाळेत हे स्काऊट होते म्हणे. सव्वीस वर्षं संसार केला, मला पत्ता नाही! त्यांचा तेव्हाचा पट्टासुद्धा घरात होता. कुलरचं झाकण पडू नये म्हणून मीच तो आवळून बांधला होता.

मुक्ताने पट्टा सोडवला, बक्कल चिंचेने घासून लखलखीत केलं आणि वहीत लिहिलं, ‘मिळाल्याचं ठिकाण : काकूंचा कुलर.’

हे केवढे खूश! “बघ,” मला म्हणाले, “या घरात माझ्या एका तरी वस्तूची कुणीतरी नोंद घेतली.”

संध्याकाळी कुलरचं झाकण पडलं. यांच्याच पायावर.

*

स्काऊट लोक डाव्या हाताने हात मिळवतात, हेही मला मुक्तानेच सांगितलं. मी पटकन हात पदराखाली घेतला. आमच्या सासूबाई डाव्या हाताने साखरसुद्धा घेऊ द्यायच्या नाहीत!

तेव्हापासून पोरीचं लक्ष सगळ्यांच्या डाव्या हातावर. एकदा भाजीवाल्या भैयाने डाव्या हाताने कोथिंबीर पुढे केली. ही एकदम चमकली.

“भैया, आप स्काउट थे?”

“नहीं बिटिया,” भैया म्हणाला. “दूसरे हाथ में तराजू है.”

*

मग जुन्या शहरातल्या एका दुकानातून तिने एक स्कार्फ आणला. पिवळट, डागाळलेला, मधोमध ठसा. दुकानदार म्हणाला होता, “मेरे दादाजी से भी पुराना!” पोरगी दोन दिवस तो मांडीवर घेऊन बसली होती.

मला जवळच्या बगरू गावाहून छापील चादरी आणायच्या होत्या. तिलाही घेऊन गेले. तिथले छपाईवाले चाचा ओळखीचे. त्यांनी स्कार्फ हातात घेतला, बघितला नाही, नुसता हुंगला.

“गुड़ की बास है,” म्हणाले. लोखंड गुळात कुजवून ते काळा रंग करतात, त्याचा वास. “पुराना होता तो बास कब की उड़ जाती. ये तो पिछली दीवाली पर हमने ही छापा.”

“और ये दाग?” मुक्ताचा आवाज रडवेला झाला होता.

“दाग भी हमारे हैं,” चाचा अभिमानाने म्हणाले. “देखिए, कितने बढ़िया आए हैं!”

तिने स्कार्फ टाकला नाही हो! वहीत लिहिलं, ‘बनावट. खुद्द कारागिराने ओळखली.’

*

खरी वस्तू सापडली ती मुरलीपुऱ्यात, आणि तीही माझ्या चौकश्यांमुळे. माथुर दादाजी. ऐंशीच्या पुढचे, एके काळचे स्काऊटमास्तर. त्यांनी कपाटातून हिरवा स्कार्फ काढला. मुक्ताच्या वयाचे असताना कॅम्पला घातलेला. त्याच्या टोकाला एक छोटीशी गाठ.

स्काऊटने सकाळी ही गाठ मारायची आणि दिवसभरात कुणाची तरी मदत केली की सोडायची, असा नियम. दादाजींच्या कॅम्पच्या शेवटच्या दिवशी कुणाला मदत लागलीच नाही. गाठ तशीच राहिली. मग स्कार्फ त्यांनी पुन्हा गळ्यात घातलाच नाही.

“मतलब, इतक्या सालात एकदाही कुणाची मदत नाही केली?” मुक्ताने मला कानात विचारलं. मी तेच मोठ्याने विचारलं.

“बहुत की,” दादाजी म्हणाले. “पर ये पहनकर नहीं की. जिस दिन गाँठ खुलेगी, स्कार्फ बिटिया का.”

मुक्ता पायऱ्या उतरताना नाचत होती. एका चांगल्या कामाचा तर प्रश्न! घरी आलो तर वडिलांच्या बदलीची ऑर्डर येऊन पडलेली. हातात जेमतेम तीन आठवडे.

*

दादाजी दुसऱ्या दिवसापासून रोज सकाळी स्कार्फ घालून घराबाहेर पडायला लागले. पण ऐंशीच्या माणसाला मदत करू देतं कोण?

एका बाईची पिशवी उचलायला गेले, तर तिने दादाजींचीच छत्री उचलली आणि घरापर्यंत आणून दिली. रस्ता ओलांडून द्यायला एक आंधळे गृहस्थ शोधले, तर पोलिसाने दोघांनाही हात धरून पलीकडे नेलं.

बसमध्ये कडेवर मूल घेतलेली बाई बघून दादाजी ताडकन उठले. म्हातारा उभा राहिलेला बघून आणखी तिघं उठले. चार सीटा रिकाम्या! बाई म्हणाली, “मुझे तो अगले स्टॉप पर उतरना है.”

*

शेवटी म्हटलं, आपणच काहीतरी करावं. पाच किलो बटाटे घेऊन मी दादाजींच्या गल्लीच्या तोंडाशी उभी राहिले. ते दिसल्याबरोबर कंबर धरली आणि “अगं आई गं!” करून खाली बसले.

दादाजी लगबगीने आले. पिशवीला हात घातला, आत डोकावले आणि थांबले.

“बहनजी,” म्हणाले, “शास्त्री नगर में आलू नहीं मिलते?”

*

निघायच्या दिवशी वर नुसता गोंधळ. ट्रक दारात, खुर्च्या केव्हाच भरून झालेल्या. मुक्ताच्या आईने बजावलेलं, “ताई, तुम्हीच सांगा हिला. या जुन्या वस्तूंना मिलिटरीची काळी पेटी एकच मिळेल, तिच्यात मावेल तेवढंच न्यायचं!” आणि पेटीचं झाकण दोन बोटं वरच. आई गुडघा रोवून दाबतेय, मुक्ता डोळे पुसत काय काढायचं ते निवडतेय.

तेवढ्यात दादाजी रिक्षाने आले. गळ्यात स्कार्फ, बाह्या वर सारलेल्या. जो तो म्हणे, “दादाजी, आप रहने दीजिए.” ते नेमके दारात उभे, आणि आतून चौघं जण फ्रीज घेऊन निघालेले! मी दादाजींचा दंड धरला आणि समोर दिसलं त्यावर त्यांना बसवून टाकलं. पेटीवर.

खट्! कडी बसली. मुक्ताच्या आईने झटकन कुलूप घातलं.

“मैंने कुछ किया क्या?” दादाजी दचकले.

“दादाजी, पेटी बंद हो गई!” मुक्ता किंचाळली. “सब आ गया!”

दादाजींचा हात स्कार्फच्या गाठीकडे गेला आणि तिथेच थांबला.

“पर मैं खुद कहाँ बैठा? मुझे तो इन्होंने बिठाया.” ते माझ्याकडे वळले. “बहनजी, सच बताइए. क्यों बिठाया?”

सगळं घर माझ्याकडे बघायला लागलं. फ्रीज दारातून पार होत होता, दादाजी मघाशी उभे होते बरोबर त्याच जागेवरून.

“आप थक गए होंगे,” मी म्हटलं, “इसलिए.”

दादाजींनी फ्रीजकडे बघितलं. मग माझ्याकडे, चांगला वेळ घेऊन. मग सावकाश गळ्यातला स्कार्फ काढला आणि गाठीचं टोक माझ्या हातात दिलं.

“लीजिए, आप खोलिए,” म्हणाले. “आपके नाखून अच्छे हैं.”