पान नंबर एक्केचाळीस

कुंदा गेली, पण तिचं पान येणं थांबलं नाही.

दर महिन्याला एक पान. दर वेळी तेच. भूगोलाच्या पुस्तकाचं, नंबर एक्केचाळीस.

आज सकाळी कुंदाची आई, शेवंताबाई, गेल्या. नव्वदी पार केली होती. आता सांगायला हरकत नाही.

ऐंशीच्या दशकाची सुरुवात. आम्ही आठ-दहा जण नागपुरात अंध मुलांसाठी शाळेची पुस्तकं ब्रेलमध्ये करायचो. फुकट. ज्याला जमेल त्याने पानं घरी न्यावीत, करून आणावीत, दुसऱ्याने चूक काढावी.

ब्रेल हातानं लिहिताना कागद पालथा असतो. टोच्यानं मागून खड्डे पाडायचे, पुढून टिंबं उठतात, एका अक्षराला जास्तीत जास्त सहा. टक टक टक. मान मोडते अगदी.

सीताबर्डीवर आमची एक खोली होती. दाराला पेटी. येता-जाता लोक त्यात पानं टाकून जायचे.

पानं तपासायचा नामदेव. स्वतः अंध, बी.ए. करत होता. बोटानं चूक सापडली की मला सांगायचा, आणि मी चिठ्ठी लावून पान परत पाठवायची. मी सायन्सची टीचर. जीभ तिखट, पेन त्याहून तिखट.

कुंदा नागपुरातल्याच इंदोऱ्याहून यायची. आमच्यात सगळ्यात फास्ट. पावसाळ्यात कावीळ झाली आणि तीन आठवड्यांत संपली. सव्वीस वर्षांची पोर.

पुढच्या वर्षी ठरलं, या फुकट राबणाऱ्यांचं एक दिवस कौतुक करायचं. मुलंच सत्कार करणार. गाणी, चिवडा, चहा. मी यादी केली आणि नामदेवला वाचून दाखवली.

"कुंदाताई काहून नाही यादीत?"

"अरे, ती गेली ना रे."

"मालूम आहे मले. पण तिचं पान तर येऊनच राहिलं."

त्यानं कपाटातून गठ्ठा काढला. अकरा पानं.

"हे पेटीत सापडते, ताई. कोणाले सांगतलं नाही. भेव वाटलं."

"कोणीतरी मस्करी करत असेल."

"सहा टिंबांत मस्करी कोण करन वं? हात तिचाच आहे. हलका. अन् चूक बी तीच. अकराच्या अकरा पानांत, त्याच जागी."

भर दुपारी माझ्या अंगावर काटा आला. खोटं कशाला बोलू?

दुसऱ्याच दिवशी आम्ही रिक्षानं इंदोऱ्याला गेलो. गल्ली सामसूम. फाटकाशी पोचलो आणि नामदेवनं माझा दंड घट्ट धरला.

आतून आवाज येत होता. टक टक टक.

"ताल तिचाच आहे," तो म्हणाला. 

मला वाटलं, चला, परत फिरू. पण दार उघडंच होतं.

कुंदाच्या टेबलाशी, कुंदाच्या खुर्चीत, तिची आई बसली होती. आम्हाला पाहिलं आणि पहिला प्रश्न:

"पास झालं का वं पान?"

भिंतीवर बुद्धाच्या तसबिरीखाली एक चिठ्ठी चिकटवलेली होती. माझं अक्षर. "एक चूक आहे. पान पुन्हा करा."

बस, एवढंच. एरवी मी कोणती ओळ, कोणतं अक्षर, सगळं लिहायची. पण कुंदाचं ते पान उशिरा आलं होतं आणि मी चिडले होते. ती आजारी आहे हे मला ठाऊक नव्हतं.

"जायच्या आदल्या दिवशी म्हणे, आई, तेवढं पान राहिलं वं," काकू सांगत होत्या. "मले वाचता येत नाही. चिठ्ठी शेजारणीनं वाचली. मंग मी कोऱ्या कागदावर तिचं पान पालथं ठेवते अन् खड्ड्यावर खड्डा देते. एक बी सोडत नाही. बसनं येऊन पेटीत टाकते. तुमच्यासमोर यायची लाज वाटे. दर महिन्याले वाटे, आता तरी पास करतीन."

जिथे चूक होती, तिथेही त्या मन लावून चूकच उतरवत होत्या. वर्षभर. बाप्पा! मला तर जमिनीत गडप व्हावंसं वाटलं.

नामदेव त्यांच्या बाजूला बसला. पानावर बोट फिरवलं, काकूंचा हात धरला आणि टोच्या नेमक्या जागी टेकवला.

"इथं काकू. एक टिंब कमी होतं. द्या."

टक.

"झालं?"

"झालं. पास."

काकूंनी टोच्या ठेवला आणि हंबरडा फोडला. "कुंदे, झालं वं माय तुझं पान!"

वर्षभर रडल्या नव्हत्या म्हणे. शेजारणी धावत आल्या.

आम्ही रिक्षात बसलो. नामदेव म्हणाला, "ताई, काकूचा हात मी धरला न. लय जड आहे. शेवटचं टिंब पार कागद फोडून गेलं. पेटीतले पानं ह्या हाताचे नाहीत."

मी सायन्सची टीचर. मी म्हटलं, काहीतरीच काय बोलतोस.

पण त्यानंतर काकूंनी केलेलं प्रत्येक पान जड हाताचं होतं. खूप केली त्यांनी. आमच्याकडे प्रत्येक पुस्तकाची एकच प्रत असायची, दुसरी काकू करायच्या, खड्ड्यावर खड्डा देऊन. वाचता एक अक्षर येत नव्हतं. त्या सत्काराच्या दिवशीसुद्धा शाल खांद्यावर पडायच्या आत विचारलं, "दुसरं पान देता का?"

ती अकरा पानं अजून माझ्याकडे आहेत. मी त्यांवर बोट फिरवत नाही. हिंमत होत नाही.

काकू, चूक कुठे आहे ते मी चिठ्ठीत लिहायला हवं होतं. तुम्ही कधी बोलून दाखवलं नाही. मी आज बोलते. माफ करा मला.

मनापासून आदरांजली.

जयभीम, काकू.