बोंडूचा वास

आमच्या नाटे गावाहून निघालो त्या सकाळी आईने मला देव्हाऱ्यापुढे उभं केलं, माझा हात नारळावर ठेवला आणि म्हणाली, "दारूला शिवणार नाय, म्हण." मी म्हटलं. थोरल्या भावाला, दादाला, दारूपायी जाऊन तेव्हा वर्षही झालं नव्हतं. बाहेर राजापूरच्या गाडीने दोनदा हॉर्न वाजवला, तेव्हा तिने माझा हात सोडला.

आज मी बार्सिलोनातल्या एका रेस्टॉरंटमध्ये वाइन वाढतो. कोणत्या पदार्थाबरोबर कोणती बाटली चांगली लागेल, ते गिऱ्हाइकांना सांगतो. गावी मात्र 'किचनमध्ये आहे' एवढंच सांगत आलो. आधी एका प्रवासी बोटीवर स्वयंपाकी होतो, तोवर ते खरं होतं. पुढची चौदा वर्षं नव्हतं.

ट्रेनिंगच्या पहिल्या दिवशी आमच्यापुढे सेमी-सेको कावा ठेवली. ही तिकडची फेसाळ पांढरी वाइन, थोडा गोडवा राखलेली. ती चांगली गार करायची, उभट ग्लासात ओतायची, बुडबुडे बारीक आहेत का ते बघायचं, मग वास घ्यायचा. शेवटी एक घोट तोंडात फिरवून बादलीत थुंकायचा. थुंकायचं आहे हे कळल्यावर मला हायसं वाटलं. पोटात गेली नाही म्हणजे शपथ मोडली नाही, अशी मी स्वतःची समजूत घातली.

वास कसला, असं विचारल्यावर कुणी हिरवं सफरचंद म्हणालं, कुणी लिंबाची साल, कुणी भाजलेला पाव. मला आला तो बोंडूचा, काजूच्या झाडाखाली पडून दोन दिवस झालेल्या पिकल्या फळाचा. मी 'सफरचंद' म्हणालो.

तोच वास एकदा आमच्या पडवीत आला होता. मी जाळी सांधायला बसलो होतो आणि ढिगाखाली दादाचा कॅन होता, बोंडूच्या दारूचा. दादा हसला. "कुत्र्याचं नाक हाय तुझं. आईला सांगू नको हां." मी सांगितलं नाही. तेव्हा मी सव्वीस वर्षांचा होतो, न कळण्याचं वय नव्हतं. दोन पावसाळ्यांत दादा गेला. त्याच नाकावर आज माझं पोट चालतं.

या कावाची एक गंमत आहे. अगदी कोरडी, म्हणजे गोडवा नसलेली वाइन तिखटाबरोबर दिली तर जीभ जास्तच भाजते, गोडाबरोबर दिली तर आंबट लागते. ही दोन्ही सांभाळून घेते. खारवलेले बदाम, निळं चीज, फळांचा केक, सगळ्यांशी तिचं जमतं. एका सुट्टीच्या दुपारी मी आईच्या पद्धतीने बांगड्याचं तिखलं केलं, तिरफळ घालून. तिरफळाने झिणझिणलेल्या जिभेवर फेस चढला आणि मागून आलेल्या गोडव्याने मिरची खाली बसवली. तो घोट मी थुंकला नाही. पुढे ते तिखलं आमच्या मेनूवर आलं. लोक मसाल्याची तारीफ करायचे आणि ज्या बाईचा तो मसाला, तिला मी काय करतो याचाही पत्ता नव्हता.

यंदा मे महिन्यात घरी गेलो. आई मागच्या दारी बांगडे साफ करत होती. तिथेच बसून तिला सगळं सांगितलं. नोकरी, बादली, न थुंकलेले घोट. मग पडवीतला कॅनही.

तिचा हात थांबला नाही. "वास मलापण यायचा," ती म्हणाली. "दोनदा कॅन ओतून टाकला मी. तू त्याच्या अंगावर धावून जाशील म्हणून तुला बोलले नाय."

एवढी वर्षं मी ते गुपित माझ्या एकट्याचं समजत होतो.

हात धुऊन ती म्हणाली, "शब्द मोडलास तो मोडलास. आता मी विचारीन तेव्हा खरं सांगायचं."

आता रविवारी फोन झाला की ती पहिलं हेच विचारते, "गिळलंस काय रे?" कधी मी 'नाय' म्हणतो, कधी 'एक घोट'. मग ती वास विचारते. इथे सगळ्यांना मी अजून सफरचंदच सांगतो. तिला बोंडू सांगतो. थोडा वेळ ती गप्प राहते, मग विचारते, "आणि बरोबर जेवायला काय होतं?"

घर म्हटलं की आता मला पडवी आठवत नाही. फोनवरची ती एवढीशी शांतता आठवते, आणि तिच्या मागून येणारा जेवणाचा प्रश्न.