उभ्या बाई आणि अर्धा राब

आमच्या विज्ञानाच्या बाईंना मी तीन वर्षांत एकदाही खुर्चीवर बसलेलं पाहिलं नाही. वर्गात खुर्ची होती, पण तिच्यावर मातीचे डबे, मोड आलेल्या वालाच्या वाट्या, कसल्या तरी मुळ्या असं काहीबाही मांडलेलं असायचं. हेडमास्तर एकदा दारात थांबून म्हणाले, "बाई, जरा बसून शिकवलंत तर चालणार नाही का?" बाई म्हणाल्या, "चाळीस पोरं बसलीच आहेत की सर. एकानं तरी उभं राहायला नको?" त्या दिवसापासून त्यांचं नाव उभ्या बाई पडलं. खरं म्हणजे आम्हालाही त्या फार वेळ बसू देत नसत.

नव्वदच्या दशकातली ही गोष्ट. आमचं गाव किन्हवलीच्या अलीकडे, फाट्यापासून आत. बाई मुरबाडहून एसटीने यायच्या आणि फाट्यापासून अर्धा तास चालायच्या. चालताना भाकरीची गुंडाळी खात यायच्या, म्हणजे मधल्या सुट्टीत खाण्यात वेळ जायला नको. बोलणंही तसंच. एक वाक्य संपायच्या आत दुसरं सुरू. सातवीत त्या पहिल्यांदा वर्गावर आल्या तेव्हा मला वाटलं, बाईंना कुठेतरी जायचंय आणि वाटेत आमचा वर्ग लागलाय.

काहीही विचारलं की त्यांचं उत्तर ठरलेलं, "बघून ये." एकदा मी विचारलं, "बाई, सागाचं पान हातावर चोळलं की हात लाल का होतो?" त्यांनी उलट विचारलं, "कोवळ्या पानानं होतो की जुन्या?" मला माहीत नव्हतं. "मग मला काय विचारतेस? बघून ये." सगळा वर्ग शाळेमागच्या सागांवर सुटला. कोवळ्या पानाने होतो, जुन्याने फारसा होत नाही, हे तासाभरात कळलं. चाळीस पोरांचे गणवेशही तासाभरात तांबडे झाले. दुसऱ्या दिवशी आया शाळेत भांडायला आल्या. बाईंनी त्यांनाच विचारलं, "हा डाग कशानं निघतो?" एकीने राख सांगितली, दुसरीने लिंबू. बाईंनी तेही आम्हाला करून बघायला लावलं. डाग काही निघाला नाही. माझ्या त्या ब्लाऊजच्या बाहीवर तो वर्षभर होता.

आमच्या गावात सगळ्यांची समजूत होती की आमच्या ओढ्याचं पाणी तानसा तलावात जातं आणि तिथून मुंबईचे लोक ते पितात. पोरं त्याचा फार अभिमान बाळगून होती. आठवीतला नामदेव तर ओढ्यात थुंकून म्हणायचा, "जा रे मुंबईला." बाई म्हणाल्या, "चला, बघू कुठे जातं." एका शनिवारी सकाळची शाळा सोडून आम्ही ओढ्याच्या काठाने निघालो. करवंदीच्या जाळ्यांतून, दगडांवरून, दोन ठिकाणी गुडघाभर पाण्यातून. ओढा तानसाकडे वळायचं नावच घेईना. तो आपला खाली काळू नदीच्या दिशेने चालला होता. आम्ही परतलो तेव्हा पालक शाळेच्या व्हरांड्यात उभे होते आणि हेडमास्तर घाम पुसत होते. "अहो, भिंतीवर नकाशा लावलाय ना?" ते म्हणाले. "नकाशात पाय भिजत नाहीत, सर," बाई म्हणाल्या आणि साडीचा काठ पिळायला लागल्या. मुंबई आपलं पाणी पीत नाही, याचं नामदेवला आठवडाभर वाईट वाटत होतं.

बाई देवमाणूस वगैरे नव्हत्या. त्यांना दम म्हणून नव्हता. दहा गोष्टी सुरू करायच्या आणि त्यातल्या चार पुऱ्या करायच्या. गांडूळखताचा खड्डा पावसात वाहून गेला तो कोणी पुन्हा खणला नाही. एखाद्या मुलाला लवकर समजलं नाही, तर त्या चिडायच्या, खडू फेकायच्या, आणि पाच मिनिटांनी तोच खडू उचलून त्याच मुलाच्या शेजारी उकिडव्या बसून पहिल्यापासून सांगायच्या. मला त्या इतक्या आवडायच्या की मी त्यांच्यासारखी भरभर चालायला लागले होते. आई म्हणायची, "ही पोरगी कुठं आग विझवायला चाललीय का?"

आणि आग म्हटलं की राबाची गोष्ट आलीच. तीच सांगायला मी बसले आहे, बाकी सगळं तिच्या आजूबाजूचं.

आमच्याकडे भाताचं रोप ज्या तुकड्यात करतात, तो आधी भाजून घेतात. शेण, टहाळ्या, पातेरा, गवत, वर माती असे थर रचायचे आणि उन्हाळ्यात ते जाळायचे. त्याला राब म्हणतात. भाजलेल्या जागेवर पेरलेलं भात तरारून येतं, तण येत नाही. त्या रोपाला आम्ही आवण म्हणतो. आवण गेलं तर लावणी गेली, लावणी गेली तर वर्षाचं भात गेलं, एवढं साधं गणित. राबासाठी टहाळ्या आणायचं काम बायकांचं. आई होळीच्या आधीपासून रोज डोंगरावरून भारे आणायची. त्या वर्षी तिची मान एका बाजूला वळेनाशी झाली होती. कोणी हाक मारली की ती सगळी वळायची.

मी आठवीत होते, होळी जवळ आली होती. बाई वर्गात म्हणाल्या, "राब खरंच लागतो का? का आजा करायचा म्हणून आपण करतो? ज्यांच्या घरचे हो म्हणतील त्यांनी राबात एक पट्टी न भाजता ठेवा. एका खाटेएवढी, जास्त नाही. दोन्हीकडे सारखंच भात पेरा, आणि रोज बघा." चाळीस जणांतली तीन घरं तयार झाली. त्यातलं एक आमचं.

घरी जाऊन मी बाबांना सांगितलं, "बाईंनी अर्धा राब भाजायचा नाही म्हणून सांगितलंय."

खाटेएवढ्या पट्टीचा मी अर्धा राब केला. आईची मान हे त्याचं एक कारण. अर्धा राब म्हणजे अर्धे भारे. दुसरं कारण असं की माझा प्रयोग सगळ्यांत मोठा दिसावा, बाईंनी माझ्याकडे बघावं. यातलं कुठलं कारण मोठं होतं, ते मला अजून ठरवता आलेलं नाही.

बाबा म्हणाले, "बाई बोलल्या म्हंजे त्यांना काय ठावं असंल. पन आयक कमल, आवण गेला तं तुजी शालाबी गेली. मंग दहावीबिहावी काय नाय." मी हो म्हटलं. चौदा वर्षांच्या मुलीला हो म्हणायला काय लागतं.

जूनमध्ये नववीची शाळा उघडली त्याच आठवड्यात बाई आवण बघायला आल्या. बांधावर उभ्या राहिल्या आणि बघतच राहिल्या. अर्ध्या तुकड्यात काळी भाजकी माती, अर्ध्यात नुसती तांबडी. दोन्हीकडे बोटभर हिरवं आलेलं.

"एवढं?" बाई म्हणाल्या. "हे कोणी सांगितलं?"

बाबा जवळच नांगराला टेकून उभे होते. "तुमीच सांगितलात ना, बाई. कमल बोलली."

बाईंनी माझ्याकडे पाहिलं. मी पायाच्या अंगठ्याने चिखल उकरत होते. बाई एरवी कधी थांबत नसत, तेव्हा मात्र थांबल्या.

"हो," त्या बाबांना म्हणाल्या. "मीच सांगितलं."

पुढच्या पंधरा दिवसांत तणाने तांबडी बाजू गिळली. बाई रोज पहिल्या गाडीने यायच्या आणि शाळेची घंटा व्हायच्या आधी आमच्या आवणात वाकलेल्या असायच्या. मी आणि आई त्यांच्या दोन्ही बाजूंना. शहाण्यासुरत्या बाई, पण भात आणि गवत कोवळेपणी सारखंच दिसतं. त्यांनी मूठभर उपटलं की आई हळूच म्हणायची, "बाई, तो भात हाय." "हो का?" म्हणून त्या ते परत मातीत खोचायच्या. आई तोंडाला पदर लावून हसायची. मला हसू येत नव्हतं. मला रात्रंदिवस एकच दिसत होतं, दप्तर खुंटीला आणि मी चुलीपाशी. खरं सांगून टाकावं असं रोज वाटायचं आणि रोज मी गप्प बसायचे.

लावणी आली. भाजल्या बाजूच्या आवणात अर्ध्याहून थोडी जास्त शेतं झाली. बाकीची चिखल करून तशीच पडली. बाबा मला म्हणाले, "उद्यापासून शालेत नको जाव."

मी शाळेत गेले नाही म्हणताना बाई दुपारी घरी आल्या. बाबांशी वाद घातला नाही. फक्त विचारलं, "कोणाकडे आवण उरतं?"

आमच्यात रीत अशी आहे, की ज्याची लावणी आटोपली त्याचं उरलेलं आवण कोणीही न्यावं, तो नाही म्हणत नाही. पण उपटून कोणी देत नाही. ज्याला हवं त्याने येऊन आपल्या हाताने उपटायचं. बाईंनी नववीचा सगळा वर्ग घेतला आणि चार दिवस आम्ही शेतोशेत फिरलो. कुठे दहा मुठी, कुठे पंचवीस. आवण उपटावं कसं, मुळाला लागलेली माती पायावर आपटून झाडावी कशी, मूठ बांधावी कशी, हे पोरं बाईंना शिकवत होती. बाई चिखलात दोनदा आडव्या झाल्या. चौथ्या दिवशी आमची शेतं पुरी झाली. उशिरा लावलेलं, जरा हलकंच पिकलं, पण पिकलं. पाचव्या दिवशी बाबांनी माझं दप्तर खुंटीवरून काढून ओट्यावर ठेवलं.

पण चार दिवस तास बुडवून पोरं चिखलात नेली म्हणून काही पालकांनी अर्ज दिले. आम्ही पोरं शिकायला पाठवतो, लावणीला नाही, असं त्यात होतं. हेडमास्तरांनी बाईंना सगळ्यांसमोर विचारलं, "एका घराचा अर्धा राब तुम्ही बंद करायला लावलात, हे खरं?" मी खिडकीबाहेर उभी होते. बाई म्हणाल्या, "खरं आहे." वर्ष संपलं तशी त्यांची बदली झाली, कसाऱ्याच्या पुढे, डोंगरातल्या एका शाळेत. जाताना त्या वर्गात आल्या आणि प्रयोगाचा निकाल आमच्याकडून वह्यांत लिहवून घेतला. "न भाजलेल्या भागात तण जास्त. आवण कमी. खाटेएवढ्या पट्टीवर पुन्हा करून पाहावे." माझ्याकडे त्यांनी वेगळं असं काही पाहिलं नाही.

मी दहावी झाले, बारावी झाले, डी.एड. झाले. पहिली नेमणूक मिळाली तेव्हा पेढे घेऊन मुरबाडला त्यांच्या घरी गेले. दोन हजार सालानंतरची गोष्ट. बाई अंगणात कसली तरी रोपं लावत होत्या. मी पेढ्यांचा पुडा हातात धरूनच म्हणाले, "बाई, अर्धा राब मी सांगितला होता."

"ते मला बांधावरच कळलं," त्या म्हणाल्या. "मला सांगून आता काय होणार? ज्याचं आवण गेलं त्याला सांगितलंस का?"

नव्हतं सांगितलं. तशीच निघाले, चहासुद्धा घेतला नाही. बाबा खळ्यावर होते. मी सगळं बोलून टाकलं. बाबांना आश्चर्य वाटलं नाही.

"मला ठावं व्हता," ते म्हणाले. "त्या हो बोलल्या ना, तेच्या आदी तुज्याकडं बघितला त्यांनी. रागात चार दिस तुला घरी बसवला, पन मंग मी मनात बोललो, एवडी शिकलेली बाई जिच्यापायी खोटा बोलते, तिला शालेतशी काढनारा मी कोन?"

माझा संताप झाला. स्वतःवरचा होता, पण काढला त्यांच्यावर. "मग अर्ज झाले तेव्हा शाळेत जाऊन का नाही सांगितलंत? बाईंची बदली टळली असती."

बाबांनी माझ्याकडे पाहिलं. "मला वाटला, तू सांगशील. वाट बघत व्हतो."

बाई मागच्या वर्षी गेल्या. त्यांच्या नावाने शाळेने छोटीशी सभा ठेवली, तिथे एक जुने शिक्षक कौतुकानेच म्हणाले, की बाई तळमळीच्या, पण अतिउत्साहात त्यांनी एकदा एका शेतकऱ्याचा अर्धा राब बुडवला होता. लोक हसले. मी मागच्या रांगेत होते. उठले, पण मी बोलायच्या आत पुढचा माणूस बोलायला लागला होता.

म्हणून आता लिहिते आहे. त्या सभेत जे हसले त्यांनी वाचावं. बाईंनी खाटेएवढी पट्टी मागितली होती. अर्धा राब मी बुडवला.