कुवेतहून आलेले पाच फोटो

मी मुळातच संशयी. लहानपणी आईने बाजारातून आणलेल्या माशाचे कल्ले मी पुन्हा उघडून बघायची, तेव्हा आई म्हणायची, "हिला कोळणीपण भितील." लग्न झालं की हा स्वभाव कमी होईल अशी सगळ्यांची समजूत होती. पण लग्न झालं ते कुवेतला नोकरीला असलेल्या माणसाशी. दोन वर्षांतून दोन महिने घरी, बाकीचं सगळं पत्रावर आणि फोनवर. अशा संसारात संशय पोसायला वेळच वेळ मिळतो, आणि मी तो मन लावून पोसला.

रत्नागिरीत खाडीच्या अंगाला आमचं घर. घरात सासूबाई आणि मी. धाकटा दीर शिकायला मुंबईला गेलेला, आणि त्याच्यासाठी नवऱ्याने घेतलेला कम्प्युटर पलंगापाशी क्रोशाचं कव्हर घालून ठेवलेला. नवरा तिकडे एका गोदामात स्टोअरकीपर. मराठी शाळेत शिकलेला, त्यामुळे पत्रं मराठीत, वर बिस्मिल्लाच्या जागी सातशे शहाऐंशी. दर पंधरा दिवसांनी पत्र यायचं आणि ते स्टॉकच्या वहीसारखं असायचं. हे मिळालं, ते पाठवलं, अमुक शिल्लक आहे. प्रेमाचा एक शब्द शोधायला मला पत्र तीन-तीनदा वाचावं लागे, पण अक्षर मात्र असं सुबक की नुसतं बघत बसावं.

२००४च्या सुमाराला ही पत्रं बंद झाली.

शुक्रवारी जुम्म्याची नमाज झाल्यावर फोन यायचा, तो येत होता. मी विचारलं, पत्र का नाही? तर म्हणाले, "आता फोन हाय ना, पत्र कशाला?" आता हे उत्तर ऐकून एखादी शहाणी बाई गप्प बसली असती. मी नाही बसले. फोन काय आधी नव्हता? शिवाय शुक्रवारच्या फोनवर सासूबाई शेजारीच बसलेल्या, आधी त्या बोलणार, मग मी, माझ्या वाट्याला "तब्येत सांभाळ" एवढंच. जो माणूस पत्र लिहायचा बंद होतो, त्याला लिहायला दुसरं कोणीतरी मिळालंय, असा मी सरळ हिशेब मांडला.

अशातच पेपरात एक जाहिरात दिसली. मुंबईच्या एका कॉलेजचा कलास्वादाचा कोर्स, घरी बसून इंटरनेटवर. माझं बी.ए. दुसऱ्या वर्षाला सुटलेलं. चित्र कसं बघायचं ते शिकवणार म्हणे. मला आधी हसू आलं. डोळे आहेत, बघायचं, त्यात शिकवायचं काय? पण फॉर्म भरला. आणि नवऱ्याला सांगितलं नाही. त्यांचं काय ते त्यांच्याकडे राहू दे, माझं माझ्याकडे. सासूबाई दुपारी दोन ते साडेतीन गाढ झोपायच्या, तेवढी वेळ मी धरली. एकदा डोळा उघडला त्यांचा, तर म्हणाल्या, "काय करतंस गो त्या डब्यासमोर?"

"टायपिंग शिकतंय, अम्मा."

"शीक. पण डब्यापायी फोन बिघडला तर मना दोष देव नको."

त्या म्हणत होत्या ते खोटं नव्हतं. फोनची वायर काढून कम्प्युटरला लावायची, मग त्याच्या पोटातून कर्रकर्र आवाज यायचा, आणि इंटरनेट चालू असेपर्यंत घरचा फोन बंद. चित्र तर अशा चालीने उघडायचं की आधी आभाळ, मग बऱ्याच वेळाने कपाळ, मग डोळे. हनुवटी दिसेपर्यंत मी तांदूळ निवडून घेत असे.

शिकवणाऱ्या मॅडम होत्या. म्हणजे, त्या आहेत असं लिहिलेलं होतं. मी कोणाला कधी पाहिलं नाही, आवाज ऐकला नाही. स्वाध्याय पाठवायचा, चार दिवसांनी उत्तर यायचं. मराठी इंग्रजी अक्षरांत लिहायची मुभा होती. पहिल्या दोन स्वाध्यायांना "छान निरीक्षण, अजून खोलात जा" असं आलं, आणि माझी खात्री पटली की हे सगळ्यांना सारखंच चिकटवतात, तिकडे मॅडम वगैरे कोणी नाही, एखादा क्लार्क बसवलाय. म्हणून तिसऱ्या स्वाध्यायाच्या मधोमध, रंगसंगतीच्या परिच्छेदात, मी लिहून टाकलं, "आज आमच्याकडे बांगड्याचं कालवण आहे."

उत्तर आलं, "कालवणात तिरफळं घातली होती का? आता निळ्या रंगाकडे परत येऊ."

मी एकटीच मोठ्याने हसले. त्या दिवसापासून मॅडमवर विश्वास ठेवला, म्हणजे माझ्या मापाने ठेवला.

चौथ्या स्वाध्यायाला एक परदेशी चित्र होतं. खिडकीशी एक बाई उभी, हातात कागद, टेबलावर भांडं, खिडकीतून उजेड. मी दोन पानं भरून लिहिलं. ही बाई पत्र लपवते आहे, नवरा घरात नाही, दाराआड कोणीतरी उभं आहे, तिच्या मानेवरून ते कळतं, वगैरे. मला वाटलं, आता मॅडम खूश होणार. मॅडमनी लिहिलं, "दाराआड कोण आहे हे वाचायला आवडलं. पण मी चित्र तीनदा बघितलं, मला दार सापडलं नाही."

मी चित्र पुन्हा उघडलं. भिंत, खिडकी, टेबल. दार नव्हतंच. ते मीच आणून बसवलं होतं. राग आला, मॅडमचा नाही, माझाच. खाली मॅडमनी पुढचं लिहिलं होतं. आधी नुसती यादी करा. अर्थ लावायचा नाही, दिसेल ते लिहायचं. मग बघा, काय असायला हवं होतं आणि चित्रात नाही.

त्याच सुमाराला जवळच्या नाटे गावचा एक माणूस कुवेतहून सुट्टीवर आला. आमच्याकडे हा रिवाजच आहे, कोणी सुट्टीवर निघालं की त्याच्या बॅगेत दहा घरांची पाकिटं कोंबायची, आणि त्याने आल्यावर घरोघर जाऊन पोचवायची. पाकिटात फोटो असतातच. दुसऱ्याच्या गाडीला टेकून, दुसऱ्याच्या फ्रिजपाशी, कधी दुसऱ्याचा चष्मासुद्धा घालून काढलेले. घरच्यांना माहीत असतं, तरी ते शोकेसमध्ये लागतात.

तो माणूस आला, खुर्चीच्या टोकावर बसला. मी चहा दिला आणि विचारलं, "बरे आहेत ना?"

"एकदम फस्क्लास."

"जेवतात नीट?"

"जेवतो ना. आम्ही सगळे संगतीच जेवतो." हे त्याने बशीकडे बघत सांगितलं, माझ्याकडे नाही. चहा घशाखाली ओतला आणि अजून सात घरं आहेत म्हणून उठला. सासूबाईंनी त्याला नारळ दिले, मी त्याला नजरेने सोललं. हा काहीतरी लपवतोय, एवढं तर आंधळ्यालाही कळलं असतं.

पाकिटात साबण, अत्तर आणि पाच फोटो. पाकिटावरचा पत्ता दुसऱ्याच कोणाच्या हातचा. गोल, लाडिक अक्षर. बस्स, मला बाईच दिसायला लागली तिथे. नाव नाही, चेहरा नाही, पण हाताला मेंदी होती तिच्या.

त्या शुक्रवारी फोनवर ते मध्येच म्हणाले, "दुपारचा फोन लागत नाय काय घरचा?" दुपारी हा माणूस कशाला फोन करतो? आजवर कधी केला नाही. माझ्यावर पाळत ठेवतोय? चोराच्या उलट्या बोंबा! मी म्हटलं, "लाईन खराब हाय." ते "अच्छा" म्हणाले आणि फोन परत आईकडे द्यायला सांगितलं. खोटं बोलल्याचं मला जरासुद्धा वाईट वाटलं नाही.

पाचवा स्वाध्याय होता, घरातलं कुठलंही चित्र किंवा फोटो घ्या आणि त्याच पद्धतीने लिहा. मी काय घेणार होते ते उघडच होतं. अभ्यासाचं निमित्त, खरी मला झडती घ्यायची होती. एका दुपारी सासूबाई झोपल्यावर पलंगावर पाचही फोटो ओळीने मांडले आणि वही घेतली. म्हटलं, आधी यादी पुरी करायची, मग कम्प्युटर लावायचा.

पहिला फोटो. खोली. खाट एक, कप दोन, पडदा फुलाफुलांचा. दोन कप लिहिताना पेन्सिल कागदात रुतली. दुसरा फोटो, पांढरी गाडी, नवरा गाडीच्या पलीकडे उभा, बॉनेटवर डावा हात. तिसरा, ईदचा, मित्राच्या खांद्यामागून हात टाकलेला. चौथा, फ्रिज उघडून उभे. पाचवा, नुसतेच उभे, हात खिशात. मी बांगडी शोधली, दुपट्ट्याचं टोक शोधलं, आरशात कोणी दिसतं का बघितलं. पहिल्या फोटोत दोन कपांच्या शेजारी दोन चपलांचे जोड होते, दोन्ही पुरुषी. रूममध्ये दुसरा माणूस राहतो, हे मला पहिल्यापासून माहीत होतं. केरळचा आहे, त्याचं अक्षर चांगलं आहे, हेसुद्धा त्यांनीच कधीतरी पत्रात लिहिलं होतं.

मग दुसरा प्रश्न. काय असायला हवं होतं आणि नाही.

मी म्हटलं, पेन. स्टोअरकीपर माणूस, झोपतानाही सदऱ्याच्या खिशाला पेन असायचं. निकाहाच्या फोटोतसुद्धा आहे, त्यावरून सगळे हसतात. पाच फोटोंत एकदाही खिशाला पेन नाही. ते लिहिलं आणि सहज पुन्हा पहिल्यापासून बघायला लागले. खाटेवर बसलेत, उजवा हात उशीमागे. गाडीपाशी, उजवा हात गाडीच्या आड. ईदला उजवा हात मित्राच्या पाठीमागे. फ्रिजच्या दारामागे. खिशात.

पाच फोटो आणि उजवा हात कुठेच नाही.

पत्रं नाहीत. पाकिटावर दुसऱ्याचं अक्षर. खिशाला पेन नाही. "जेवतो ना," बशीकडे बघत. सगळं इतके दिवस माझ्यासमोरच होतं, आणि मी तिथे एक बाई आणून उभी केली होती. वही खाली पडली ती उचलायचं सुचलं नाही.

आणि तेवढ्यात फोन वाजला. अडीच वाजले होते. मी उचलला.

"लागला?" नवऱ्याचा आवाज आला, घाबरल्यासारखा.

मी सलाम केला नाही, काही नाही. सरळ विचारलं, "उजव्या हाताला काय झालंय?"

"तुना कोणी सांगितलान? नाट्यातल्या त्याने?"

"कोणी नाय. फोटोत बघितलं."

"फोटोत हात हाय कुठे?"

"तेच बघितलं."

मग त्यांनी सांगितलं. गोदामात माल उतरवताना वरची पेटी घसरली. तीन बोटं गेली. अंगठा आणि करंगळी आहे. मालकाने काढलं नाही, दुसऱ्या कामावर ठेवलंय. जखम भरली. चमचा धरता येतो आता, आधी डाव्या हाताने खावं लागायचं, तेव्हा जेवायला एकटेच उठून बाजूला बसायचे.

खरं सांगते, पहिल्या क्षणाला मला बरं वाटलं. बाई नाही, बोटंच. असं वाटलं मला. ते अजून कोणाला सांगितलेलं नाही, आणि त्याची लाज अजून गेलेली नाही.

"मना का नाय सांगितलं?" मी विचारलं. आवाज चढला होता माझा, अम्मा उठतील याचं भान नव्हतं.

"सांगायलाच तर फोन करत होतो. शुक्रवारी आई जवळ असते, तिच्यासमोर कसा बोलणार? दुपारी ती झोपते, तेव्हा तू एकटी असशील म्हणून. रोज जेवणाच्या सुट्टीत बूथवर जायचो. रोज एंगेज. लाईन खराब असली तर रिंग वाजते नायतर काहीच वाजत नाय. एंगेज येतो तो रिसीव्हर काढून ठेवल्यावर. मना वाटलं, गावच्या कोणीतरी तुला आधीच सांगितलान. आणि थोट्या माणसाशी बोलायचं नाय म्हणून तू फोन काढून ठेवतंस."

"नाय," मी म्हटलं. "नाय हो. मी चित्रं बघत होते."

"काय?"

"चित्रं. कम्प्युटरवर. त्याला फोनची वायर लागते."

पलीकडून बूथच्या बाहेरची वाहनं ऐकू येत होती. मग त्यांनी अगदी हळू विचारलं, "कसली चित्रं?"

मी सांगायला तोंड उघडलं, पण शब्द फुटेना. ते "हॅलो, हॅलो" करत राहिले. त्यांना वाटलं, मी फोन ठेवला. "ठेवलास काय?" ते विचारत होते, "ठेवलास काय गो?" आणि मला हुंदक्यातून एवढंच म्हणता आलं, "हाय मी. ठेवू नका तुम्ही."